दुमतप्रत

लोणारच्या जीवाणू प्रयोगशाळेत त्या सकाळी विशेष काहीच घडलं नाही. पुढे शाल्मलीला त्या दिवसातली नेमकी हीच गोष्ट सहन होईना.

डॉ. हेमांगी वानखडे नेहमीसारख्या आठच्या ठोक्याला विवराची चढण चढून वर आल्या. सरोवराच्या पाण्याच्या सहा बाटल्या त्यांनी टेबलावर मांडल्या आणि बुटांचा खारा चिखल पायपुसण्यावर न झाडता पुसलेल्या फरशीवर झाडला. वय एकाहत्तर, हृदयाच्या दोन झडपा कृत्रिम. विद्यापीठाने त्यांना निवृत्त करून अकरा वर्षं झाली होती; सरोवराने अजून केलं नव्हतं.

"मॅडम, आत्ताच पुसली होती फरशी," प्रल्हाद इंगळे म्हणाले. प्रयोगशाळेची देखभाल ते तीस वर्षं करत होते आणि तीस वर्षं हेच म्हणत होते.

"म्हणून तर चिखल दिसला, प्रल्हाद. नाहीतर कळला असता का?"

खिडकीशी बरण्या धूत उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीला, शाल्मलीला हसू आलं. बेचाळीस वर्षांची ती आता नावाजलेली सागरी भूगर्भशास्त्रज्ञ होती. दुसऱ्या दिवशी ती अरबी समुद्रात दीडशे मीटर खोल असलेल्या सागरतळ स्थानकावर पंचेचाळीस दिवसांसाठी जाणार होती. पण लोणारला आली की तिच्याकडे बरण्या धुण्याचंच काम यायचं. आईचा नियम होता: आधीची बरणी धुतल्याशिवाय नवा नमुना घ्यायचा नाही, आणि नमुना कपाटात पोचल्याशिवाय बरणी धुवायची नाही. पोचला की मात्र लगेच धुवायची. हा नियम शाल्मलीच्या हातात इतका मुरला होता की घरी चहाचा कपही ती शेवटचा घोट पोटात जायच्या आत नळाखाली धरायची.

आईची वही टेबलावर उघडी होती. डाव्या पानावर आईची निरीक्षणं. उजवं पान कोरं आणि त्यावर मथळा, "दुसरा निरीक्षक". शाल्मली आठ वर्षांची असल्यापासून तो दुसरा निरीक्षक तीच होती. डावं पान न बघता उजवं भरायचं. आईला जिथे गुलाबी दिसलं तिथे आपल्याला केशरी दिसलं, तर केशरीच लिहायचं.

"बस इथे," आई म्हणाली. "तू जायच्या आधी एक लेख करायचा राहिलाय."

तिने कपाळावर आठवणपट्टी बांधली. बोटभर रुंदीची मऊ, राखाडी पट्टी. माणूस एखादा प्रसंग मोठ्याने सांगू लागला की मेंदूत तो प्रसंग जागा होतो. त्यातला उजेड, वास, पोटात पडलेला खड्डा, सगळ्यासकट. पट्टी ते जागेपण टिपते. शब्द म्हणजे नुसता गळ. त्याला अडकून विहिरीतून जे वर येतं ते सगळं स्मृतिलेखात उतरतं. मग दुसऱ्या कुणी पट्टी लावून तो उघडला, की त्याला ती घटका सांगणाऱ्याच्या डोळ्यांनी जगता येते. अट एवढीच की बोलावं लागतं. मनातल्या मनात आठवून लेख होत नाही.

दोघींचं एक सामायिक फोल्डर होतं, नाव "घर". त्यात अकराशे चौदा लेख. चौदा शाल्मलीचे, बाकी सगळे आईचे. शाल्मलीचं पहिलं पाऊल, तिचा गोवर, तिने सरोवराच्या काठावर मोराला दिलेली शिवी. फोल्डर दोघींच्या स्मृतिकुप्यांत, म्हणजे लेख साठवायच्या छोट्या यंत्रांत होतं आणि नभकोठारातही. नभकोठार म्हणजे देशभरातल्या जमिनीखालच्या यंत्रांचं जाळं. पण सगळे म्हणत की आठवणी वर ढगात ठेवल्यात. आई म्हणायची, "राखणीला टाकल्यात."

आई बोलू लागली. दहावीच्या परीक्षेचे ते दिवस. शाल्मली मेहकरला मामाकडे, बाबा अकोल्याच्या दवाखान्यात. भूमितीच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी बाबा गेले. पोरीचे आणखी तीन पेपर बाकी होते. आईने घरातल्या सगळ्यांना शपथ घातली. शनिवारी शेवटचा पेपर झाला तेव्हा शाळेच्या फाटकाशी तिने शाल्मलीला सांगितलं. तोवर सगळं आटोपलं होतं.

"पोर समजूतदार," आईने शेवट केला. "एक शब्द बोलली नाही."

पट्टी सोडून तिने घाम टिपला. कपाळावरची मरून टिकली सरकली होती. तिने ती आरशात न बघता जागेवर बसवली. "बघ. आणि तुझी बाजू घाल त्यात."

शाल्मलीने लेख उघडलाच नाही. कुपीवर बोट टेकवून "मंजूर" केलं. "तुझं तेच माझं, आई. काही दुमत नाही."

"दुमत नाही म्हणे! अकराशे लेख झाले, एकात तरी तू माझं काही खोडलंस? दोन निरीक्षकांच्या नोंदी अक्षरन् अक्षर सारख्या आल्या तर मी काय समजते, माहितेय?"

"काय?"

"एकाने दुसऱ्याची वही बघून उतरवली."

"मग मला नापास कर."

"बेचाळिसाव्या वर्षी कुणी नापास करतं का? आता शिक्षा म्हणून उरलेल्या बरण्या धू."

शाल्मलीने धुतल्या. दुपारी पिठलं-भाकरी झाली, आईने डुलकी काढली, प्रल्हादकाकांनी फरशी पुन्हा पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी बस सुटताना आई खिडकीखालून म्हणाली, "तळाशी गेल्यावर जेवत जा." बस सुटली.

स्थानकावरच्या चौथ्या दिवशी शाल्मलीची कुपी भरली. तळाच्या भेगांमधून येणाऱ्या गरम पाण्याची मोजणी सुरू झाली होती आणि नवी नोंद ठेवायला जागा नव्हती. स्थानकापासून वर जाणारी तार बारीक होती. तिच्यातून चार ओळींचे निरोप जात. लेख किंवा मोजणीचे संच जात नसत. शाल्मलीने यादी पाहिली. सगळ्यात जास्त जागा "घर" ने अडवली होती. घर नभकोठारात पोचलेलं होतंच. यादीत त्याच्यापुढे हिरवी खूण होती. नमुना कपाटात पोचला होता. तिने हात आपसूक पुढे केला आणि बरणी धुतली.

"पुसायचे?" कुपीने विचारलं.

"हो," शाल्मली म्हणाली आणि मोजणीकडे वळली.

त्यानंतर आईचे निरोप येत राहिले. बरी आहे. सरोवराचं पाणी दोन बोटं उतरलंय. तू जेव.

तेहतिसाव्या दिवशी निरोप आला तो प्रल्हादकाकांचा. मॅडम पहाटे झोपेत गेल्या.

स्थानकाच्या प्रमुखाने तो तिच्यापासून क्षणभरही लपवला नाही. त्याचा काही उपयोग नव्हता. दीडशे मीटरच्या दाबाखाली महिनाभर राहिलेल्या माणसाला एकदम वर आणलं तर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन तो मरतो. दाब हळूहळू उतरवावा लागतो. शाल्मली पाच दिवस दाबकोठडीत बसून होती. लोखंडी भिंत, एक बाक आणि एक गोल काच. पहिल्या दिवशी दुपारी लोणारला आईला अखेरचा निरोप दिला जात असणार, हे तिला ठाऊक होतं. उरलेले चार दिवसही तिला ते ठाऊकच होतं. कधी कधी तिला वाटे, माहीत नसतं तर निदान उरलेले पेपर तरी चांगले गेले असते. मग या विचाराचीच तिला लाज वाटे.

चाळिसाव्या दिवशी ती लोणारला पोचली. आईच्या खोलीत चष्मा तसाच पडला होता. शाल्मलीने आईची पट्टी उचलली. तिला कुठला मोठा प्रसंग नको होता. गोवराचा लेख चालला असता. तापलेल्या अंगावर आईचा गार हात आपण अनुभवला होता; पण त्या हाताला आपलं अंग कसं लागलं, हे त्या लेखात होतं. या जगात आपल्याकडे तसं बघणारं दुसरं माणूस नव्हतं आणि आता होणारही नव्हतं.

तिने "घर" उघडलं. आत एकच लेख होता, तिने न बघता मंजूर केलेला तो दहावीच्या परीक्षेचा. त्याच्यापुढे पिवळी खूण होती आणि खाली प्रश्न: कोणती प्रत ठेवायची?

शाल्मलीने हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने काही दाबायच्या आधी विचारायचं ठरवलं.

जालन्याचं नभकोठार केंद्र जमिनीखाली तीन मजले होतं. तिथल्या जुळवणी विभागाच्या प्रमुख डॉ. नसीमा मुजावर पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, आणि बडीशेप चघळत बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी नोंदवही पडद्यावर लावली आणि बराच वेळ वाचली.

"तुम्ही शास्त्रज्ञ ना?" शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"शास्त्रज्ञच जास्त येतात इथे. बाकीचे लोक काही पुसतच नाहीत, घाबरतात बिचारे." त्यांनी बडीशेपेची डबी पुढे सरकवली. "बघा, राखणप्रत वेगळी आणि जुळवणी वेगळी. तुम्ही लोणचं घातलंत आणि एक बरणी शेजारणीकडे ठेवायला दिलीत. तुमची बरणी फुटली तरी शेजारणीची शाबूत. ही राखणप्रत. जुळवणीत बरणी एकच. तुमच्या स्वयंपाकघरात, आईच्या स्वयंपाकघरात आणि आमच्या कोठारात तिला फक्त तीन तोंडं असतात. एकीने चमचाभर टाकलं तर तिघांकडे वाढतं."

"आणि एकीने ओतून दिलं तर..."

"तिघांकडे रिकामी. तुम्ही चौथ्या दिवशी पुसलंत. बारीक तारेतून लेख येत नव्हते, पण 'पूस' हा हुकूम दोनच अक्षरांचा असतो. तो झटक्यात पोचला. आमच्याकडे पुसलं गेलं, मग आईच्या कुपीत."

"पण हिरवी खूण होती."

"हिरव्या खुणेचा अर्थ 'सुरक्षित' असा नाही, बाई. 'सगळीकडे सारखं' एवढाच आहे."

खोलीत यंत्रांचा गार वारा वाहत होता.

"पुसलेलं लगेच नष्ट होत नाही," नसीमाबाई जरा हळू आवाजात म्हणाल्या. "तीस दिवस निर्माल्यकुंडात असतं. तेवढ्यात दोघींपैकी कुणीही एका बोटाने परत काढू शकतं. तुमचे तीस दिवस चौतिसाव्या दिवशी संपले."

"मी कोठडीत होते."

"हो. आणि आई त्याच्या आदल्या दिवशी गेल्या." त्यांनी पडदा वळवला. "पण त्यांनी निर्माल्यकुंड उघडलं होतं. सहा वेळा. हे बघा, पाचव्या दिवशी पहिल्यांदा. सगळे लेख समोर होते. त्यांनी एकही परत काढला नाही. का, ते आमच्या नोंदीत नसतं."

आईने रिकामं फोल्डर पाहिलं होतं. अठ्ठावीस दिवस ती त्या रिकामेपणासोबत राहिली होती आणि रोज लिहीत होती, तू जेव.

"मग हा एक कसा उरला?" तिने विचारलं.

"हा मजेदार आहे." नसीमाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "तुमचा पुसायचा हुकूम तारेतून वर येत होता, नेमक्या त्याच वेळी आई हा लेख बदलत होत्या. एकाच लेखाबद्दल दोन मालकिणींचे दोन हुकूम. एक म्हणते पूस, दुसरी म्हणते बदल. आता कुणाचं खरं? यंत्र न्याय करत नाही, करू नये असंच त्याला शिकवलंय. अशा वेळी ते लेख बाजूला काढून ठेवतं आणि दोघींचा निकाल लागेपर्यंत त्याला कुणाला हात लावू देत नाही. याला आम्ही दुमतप्रत म्हणतो."

"म्हणजे तो सुरक्षित आहे."

"आज आहे. पण दुमताला दोन माणसं लागतात. तुमच्या आईंचं खातं मृत्यूच्या नोंदीनंतर तिसाव्या दिवशी मिटेल, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं म्हणणंही. मग उरेल तुमचं एकटीचं, 'पूस'."

"मी तिची प्रत मंजूर केली तर?"

"तर दुमत संपलं. लेख एकट्या आईंचा झाला. खातं मिटलं की तोही मिटेल."

"मग उतरवून घेते ना मी. माझ्या कुपीत."

"दुसऱ्याच्या आठवणीची नक्कल करता येत नाही. तुमच्या कुपीत होतं ते कुलूपबंद पेटीसारखं होतं. किल्ली प्रत्येक वेळी आईच्या खात्यातून येत होती. कायदाच आहे तसा, आणि बरा आहे. नाहीतर लोकांनी एकमेकांच्या डोक्यांचा बाजार मांडला असता."

शाल्मलीने चष्मा काढून पुसला. "म्हणजे नाही म्हटलं तरी जातो आणि हो म्हटलं तरी जातो."

"हो म्हटलं तरी जातो," नसीमाबाईंनी मान डोलावली. "एकच वाट आहे. त्याच लेखात तुमची स्वतःची बाजू घाला. वेगळी, तुमची. मग एकाच प्रसंगाच्या दोन नोंदी होतील आणि यंत्राला त्यातली एकही काढता येणार नाही. लेख दोघींचा होईल, किल्ली तुमच्या खात्यातूनही चालेल. तुम्ही जिवंत आहात तोवर राहील."

"आणि मी आईसारखीच बाजू घातली तर? तिच्या नोंदीबरहुकूम?"

"करून बघतात लोक. पट्टीला कळतं. सारखी आली की यंत्र दोन्ही एकत्र करून टाकतं. मग पुन्हा दुमत नाही." त्यांनी बडीशेपेची डबी बंद केली. "माझ्या अब्बांचा एकही लेख नाही माझ्याकडे. पट्टी म्हणजे डोकेदुखीची, असं समजून ते ती शेवटपर्यंत बाम लावून बांधायचे. तुमच्याकडे एक तरी आहे."

लोणारला परतल्यावर शाल्मलीने पहिला प्रश्न प्रल्हादकाकांना विचारला. ते ओट्यावर बसून लसूण सोलत होते.

"काका, फोल्डर रिकामं झालेलं आईला कळलं होतं?"

"कळलं होतं ना." काकांनी मान वर केली नाही. "पहिल्या दिवशी लई घाबरल्या. मले म्हणे, प्रल्हाद, कुपी बिघडली. मग त्याइनं तपासलं तं तुझं नाव निघालं. तूच पुसलं म्हणून."

"मग? रागावली?"

"रागावल्या असत्या तं मले बरं वाटलं असतं. नुसता चहा घेतला. मग म्हणे, 'प्रल्हाद, सत्तावीस वर्षांत पोरीनं पहिल्यांदा माझ्या म्हणण्यावर काट मारली.' आणि हसायले लागल्या. डोळ्याले पाणी आणि हसणं, दोन्ही एका वेळी."

"परत काढता आलं असतं तिला. एका बोटाने."

"मी म्हणलं तसं. मॅडम, काढून घ्या, नाहीतं तिले विचारा तरी. तं म्हणे, 'पहिल्यांदा नाही म्हणाली आणि मी तिचं नाही पुसून टाकू? तिच्यापाशी कारण असंन. वर आली की आधी तिले बोलू दे.'" काकांनी लसणाची टरफलं गोळा केली. "मधूनमधून उघडून पाहायच्या तेवढं. कोनाड्यातल्या देवाले पाहावं तसं."

शाल्मली भिंतीला टेकून खाली बसली. आईने तिच्या पुसण्याला मंजुरी दिली होती. एक शब्द न बोलता, समजूतदारपणे. वही बघून उतरवावी तशी.

"काका, मी रागाने नाही पुसलं. जागा नव्हती म्हणून पुसलं."

प्रल्हादकाकांनी टरफलं केराच्या डब्यात टाकली. "हे मले सांगून काय उपयोग, पोरी?"

दिवस जात राहिले. शाल्मली रोज सकाळी सरोवरावर उतरायची, सहा बाटल्या भरायची, डावं पान भरायची. उजवं कोरं राहायचं. दुपारी ती पट्टी हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. बघणं म्हणजे मंजुरी नव्हे, असं नसीमाबाईंनी सांगितलं होतं. तरीही मृत्यूच्या नोंदीनंतरचा एकोणतिसावा दिवस उजाडेपर्यंत तिला धीर झाला नाही. त्या दुपारी, प्रयोगशाळेत लख्ख ऊन असताना, तिने आईच्या स्टुलावर बसून पट्टी बांधली आणि लेख उघडला.

ती आई झाली.

मेहकरच्या शाळेचं फाटक. डोक्यावर मार्चचं ऊन, हातात दहीभाताचा डबा. पण हा शनिवार नव्हता. हा भूमितीच्या पेपरचा दिवस होता. लेखाच्या पहिल्या प्रतीत आईने हा दिवस सांगितलाच नव्हता. रात्रभर जागलेले डोळे जळत होते, कपाळ रिकामं होतं. टिकली रडण्यात कुठेतरी पडली होती. फाटकासमोरच्या दुकानात मरून नव्हत्या. चमकीच्या हिरव्या टिकल्यांचं एक पाकीट होतं. आईने त्यातली एक लावली. पोरीला काही कळायला नको, निदान मी सांगेपर्यंत. छातीत एकच वाक्य घोकलं जात होतं: शाल्मली, बाबा गेले, चल माझ्याबरोबर. दुपारी तीनला अंत्यविधी होता. गाडी उभी होती. आई सांगायलाच आली होती.

घंटा झाली. मुली बाहेर आल्या. शाल्मली हसत होती. डोकं मागे टाकून, सगळे दात दाखवत. त्या हसण्याने आईच्या छातीतलं वाक्य विरघळलं. हे हसू आणखी तीन दिवस राहू दे, एवढंच तिच्यात उरलं. "पेपर कसा गेला?" तिने विचारलं. "सोपा," पोर हसतच म्हणाली. तिच्या काही लक्षात आलं नाही. आईने डबा दिला आणि ती गाडीकडे वळली. पाठ वळल्यावर तिचे गुडघे थरथरू लागले.

शाल्मलीला ते गुडघे स्वतःचे वाटले.

मग आईचा आवाज आला, नुसता आवाज. "मी सांगायला आले होते आणि सांगितलं नाही. चूक की बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही. माझं निरीक्षण इथे संपलं. पुढची चार मिनिटं कोरी सोडते आहे. दुसरा निरीक्षक."

त्यानंतर लेखात काहीच नव्हतं. उजेड नाही, वास नाही. कोरं पान.

शाल्मलीने डोळे उघडले. टेबलावर आईची वही, शेजारी धुतलेल्या बरण्या पालथ्या घातलेल्या. पट्टीवरचा पिवळा ठिपका लुकलुकत होता.

"त्या दिवशी पेपर सोपा होता," ती म्हणाली. "आई आली, तिने डबा दिला. मला काही कळलं नाही."

ठिपका विझू लागला. दोन नोंदी एकमेकींच्या जवळ येऊन एक व्हायच्या बेतात होत्या. शाल्मलीने घाईघाईने "थांब" म्हटलं आणि तो पुन्हा पेटला. सत्तावीस वर्षं जिभेखाली धरलेली गोष्ट बाहेर काढायची तर तिचं पहिलं अक्षर कुठलं, तेच तिला सापडेना. मग तिच्या डोळ्यांसमोर एक रंग आला, आणि तिने डावं पान न बघता बोलायला सुरुवात केली.

"हिरवी होती. टिकली. तू कधीच हिरवी लावत नव्हतीस.

"मी हसत होते, कारण अन्विताच्या कंपासपेटीतून चिंच निघाली होती आणि बाईंनी ती जप्त केली होती. तुला पाहिलं आणि हसू थांबलं. टिकली पाहिली. तुझे डोळे पाहिले. पेपर कसा गेला म्हणालीस, तेव्हाच मला सगळं कळलं. मग मी पुन्हा हसले. ते दुसरं हसू मुद्दाम होतं, आई. तू दोन्ही हसू एकच धरलंस. तुझं निरीक्षण तिथे चुकलं.

"तू गाडीकडे गेलीस ते मी बघत होते. तुझे गुडघे थरथरत होते. मला वाटलं, मी हाक मारली तर तू तिथेच खाली बसशील. म्हणून नाही मारली. शनिवारी तू सांगितलंस तेव्हा मी काही बोलले नाही, कारण माझं रडून झालं होतं. मामाच्या न्हाणीघरात, नळ सोडून. त्यानंतर तू जे जे म्हणालीस त्याला मी हो म्हणत गेले. एकदा नाही म्हटलं तर हे सगळं बाहेर येईल, याची भीती वाटायची.

"फोल्डर मी पुसलं तो विरोध नव्हता गं. मी फक्त बरणी धुतली. तू अठ्ठावीस दिवस त्यालाच माझं 'नाही' समजून सांभाळत बसलीस. माझं दुमत ते नव्हतं, आई. हे आहे. हे घे."

ठिपका स्थिर जळत होता. बाहेर प्रल्हादकाकांची बादली वाजली आणि थांबली.

"मला बाबांना बघायचं होतं," शाल्मली मोठ्याने म्हणाली. "तू मला न्यायला हवं होतंस."